फ्रेमवर्क ४.८ वरून डॉट नेट ८ वर: पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचा वापरानंतरचा अनुभव

आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकींचा ताळा), पिग्मी म्हणजे रोजच्या छोट्या बचतीची वसुली, पासबुक छपाई असं सगळं त्यात होतं. विंडोजवरचे फॉर्म बनवायच्या विनफॉर्म्समधलं, मागे डेटाबेस म्हणून एसक्यूएल सर्व्हर. प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालतो तो मायक्रोसॉफ्टचा जुना पाया म्हणजे डॉट नेट फ्रेमवर्क ४.८; त्यावरून ते नव्या डॉट नेट ८ वर नेलं आणि आता काही महिने शाखांमधून रोज चालतंय.

फ्रेमवर्क ४.८ बंद पडणार या भीतीपोटी कुणी निघणार असेल, तर थांबा. ते विंडोजचाच भाग आहे, ज्या विंडोजवर आहे तिला सपोर्ट असेपर्यंत त्यालाही मिळतो. डॉट नेट ८ मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं आणि त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो. म्हणजे एकदा निघालात की दर दोन-तीन वर्षांनी पुढची आवृत्ती घेणं आलं. त्यासाठी माणूस आणि वेळ राखून ठेवता येणार असेल तरच या वाटेला जावं, असं माझं ठाम मत झालंय.

कोड कंपाइल करणं त्यामानाने सोपं. खरी मेहनत लागते ती एरर न देता वागणूक बदलणाऱ्या गोष्टींवर. पिग्मी मशीनच्या टेक्स्ट फाइलमध्ये खातेदारांची नावं जुन्या ८-बिट मराठी फाँटमध्ये असतात. फाइलमधले आकडे कोणती अक्षरं म्हणून वाचायचे हे ठरवणारं 'एनकोडिंग.डिफॉल्ट' फ्रेमवर्कमध्ये विंडोजचं कोडपेज (जुना अक्षरतक्ता) घेतं, नव्या डॉट नेटमध्ये यूटीएफ-८ (युनिकोडची पद्धत). फाइल तशीच वाचली तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसतात, आणि ती परत सेव्ह झाली की मूळ नाव कायमचं गेलं. कोडपेज प्रोव्हायडर रजिस्टर करून १२५२ हे कोडपेज स्पष्ट मागावं लागतं. पतसंस्थेत खातेदाराचं नाव बिघडणं म्हणजे काय, हे काउंटरवर बसणाऱ्याला विचारा!

दुसरा प्रोग्राम सुरू करणाऱ्या 'प्रोसेस.स्टार्ट'ने पीडीएफ उघडत असाल तर 'यूज शेल एक्झिक्यूट' (फाइल कशात उघडायची ते विंडोजवर सोपवणारा पर्याय) स्वतःहून ट्रू करा, आता तो मुळात फॉल्स असतो. डिफॉल्ट फाँट सेगो यूआय झाल्याने दाटीवाटीचे फॉर्म विस्कटतात, पण जुना फाँट एका ओळीत परत लावता येतो. डेटाबेसशी बोलणारी नवी लायब्ररी, म्हणजे नवा एसक्यूएल क्लायंट घेतलात तर आवृत्ती ४ पासून कनेक्शन मुळातच एन्क्रिप्टेड असतं. शाखेतल्या सर्व्हरवर विश्वासार्ह सर्टिफिकेट नसेल तर लॉगिनच होत नाही. पासबुक प्रिंटरला थेट डेटा पाठवणारा कोड मात्र अक्षरही न बदलता चालला. बोटांच्या ठशांच्या मशीनची डीएलएल (मशीनसोबत येणारी कोडची फाइल) ३२-बिट असल्यामुळे आमचा बिल्डही एक्स-८६, म्हणजे ३२-बिटच ठेवला आहे.

मिळालं काय? रनटाइम (प्रोग्राम चालवायला लागणारा डॉट नेटचा भाग) प्रोग्रामसोबतच देता येतो, त्यामुळे शाखेच्या पीसीवर वेगळं काही टाकावं लागत नाही. फोल्डर बराच मोठा होतो, तेवढं चालतं. वेगवेगळ्या स्केलिंगच्या मॉनिटरवर फॉर्म आता नीट दिसतात.

निर्णय लांबवायचा असेल तरी एक काम आजच करण्यासारखं आहे. व्याज आकारणी आणि तेरजेचा हिशोब फॉर्ममागच्या कोडमधून काढून डॉट नेट स्टँडर्ड २.० च्या लायब्ररीत न्या. ती ४.८ वरही चालते, ८ वरही. विंडोज ७ वर डॉट नेट ८ ला सपोर्ट नाही, म्हणून तसे पीसी असलेल्या शाखा आम्ही जुन्याच बिल्डवर ठेवल्या आहेत, आणि व्याज दोन्हीकडे त्याच एका लायब्ररीतून निघतं.