खसखस कुटायला साखर पेठेतलं कांडप

तिखट-हळदीसाठी सोलापुरातल्या या कांडपावर सगळेच जातात. मी खसखस घेऊन जाते, म्हणून मुद्दाम लिहितेय.

गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत, नेब्रास्कात तीन महिने होते. शेजारच्या आजी चेक वंशाच्या. त्यांनी कोलाचे खाऊ घातले. यीस्टनं फुगवलेल्या गोड पिठाचा गोल पाव, मधे खळगा आणि त्यात दूध-साखरेत शिजवलेली खसखस. त्यांची पणजी लहान पोरं घेऊन बोहेमियातून आली होती. तिथल्या १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं वस्ती करणाऱ्यांना १६० एकर जमीन मिळायची, पण पाच वर्षं तिथं राहून ती कसली तरच. माळावर लाकूड नाही, म्हणून गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून घर रचायचं. पाऊस लागला की छतातून चिखल गळायचा. माझ्या आजोळी, मोहोळजवळ, धाब्याचं घर होतं. आजी रात्रभर पातेली सरकवायची, त्यामुळे मला ते लगेच कळलं. १८७४ साली नेब्रास्कात टोळांनी उभी पिकं खाल्ली. असल्या मातीच्या घरात त्या पणजीनं मायदेशाहून आणलेलं, खसखस दळायचं लोखंडी हातयंत्र जपलं. शेजारच्या आजींनी ते माझ्या हातात दिलं. चांगलंच जड आहे.

सोलापुरात परतल्यावर मिक्सर लावून पाहिला. कोरडी फिरवली तर दाणे अख्खेच राहतात, पाणी घातलं की रश्श्याचं वाटण होतं. कोलाचेला कोरडी भरड लागते. कांडपावरच्या मावशी मूठ-मूठ टाकतात, मधेच मशीन थांबवून बोटांनी चाचपतात आणि तेल सुटायच्या आत काढून घेतात. अर्धा किलोला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण घाई करत नाहीत.

एक मात्र सांभाळा. पहिल्यांदा मी दुपारी गेले. आधी शेंगाचटणी कुटून झाली होती, खसखशीला लसणाचा वास लागला आणि ती सगळी आमटीत गेली. आता सकाळी उघडताच पहिला नंबर लावते. मावशी स्वतःहून उखळ पुसून देतात. डबा घरचा न्या.

आपली खसखस पांढरी, तिकडची निळसर काळी, त्यामुळे रंग वेगळा येतो. व्हिडिओ कॉलवर आजींना भरड दाखवली. डोळ्यांजवळ फोन धरून त्या म्हणाल्या, अजून थोडी बारीक हवी. येत्या सोमवारी मावशींना तेच सांगणार आहे.