विंडो एसी बंद पडलाय: रिपेअर करायचा की नवीन घ्यायचा?

एसी बंद पडला की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते एवढी वर्षं चालला आता काढा तो डबा, दुसरी म्हणते कालपर्यंत चांगला चालत होता, मेकॅनिक बोलवा. दोघंही वयावरूनच भांडत असतात. माझं म्हणणं असं की वय नंतर बघू, आधी हे बघा की बिघाड गॅसच्या सील सर्किटच्या बाहेर आहे की आत. बाहेर म्हणजे कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा पार्ट), पंख्याची मोटर, थर्मोस्टॅट, वायरिंग, फिल्टर. आत म्हणजे कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप), दोन्ही कॉइल (खोलीकडची गार होणारी, मागची गरम होणारी) आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या. एवढं कळलं की निम्मा निर्णय झाला.

बाहेरचा बिघाड असेल तर रिपेअर, मशीन जुनं असलं तरी. सगळ्यात कॉमन केस म्हणजे पंखा व्यवस्थित फिरतो, वारा येतो पण गार नाही, कान देऊन ऐकलं तर कॉम्प्रेसर हूंऽऽ करून उठायचा प्रयत्न करतो आणि काही सेकंदात टक् आवाज होऊन गप्प बसतो, मग थोड्या वेळाने परत तेच. तो टक् म्हणजे ओव्हरलोडचा, म्हणजे कॉम्प्रेसर तापला की करंट तोडणाऱ्या स्विचचा, आणि अशा वेळी बऱ्याचदा दोष निघतो कपॅसिटरचा, पण ऐकायला मिळतं "कॉम्प्रेसर गेला". कपॅसिटरवर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, मेकॅनिकला म्हणा मीटर लावून दाखव, छापलेल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली आला असेल तर तो बदलूनच पुढचं बोलायचं. स्वतः मात्र हात घालू नका, प्लग काढला तरी त्यात चार्ज राहतो आणि चांगला झटका बसतो.

कॉइलवर बर्फ धरत असेल तरी लगेच गॅसवर जाऊ नका. फिल्टर तुंबला किंवा ब्लोअर (खोलीत हवा फेकणारा पंखा) मंदावला की हवा कमी पडते आणि तेव्हाही बर्फ धरतोच. पाणी खोलीत गळतंय तर ते ड्रेन तुंबल्याचं नाहीतर मशीनचा उतार मागच्या बाजूला न राहिल्याचं लक्षण, यासाठी नवीन एसी घेणं म्हणजे कमालच.

आता आतला बिघाड, इथे खरा हिशोब लागतो. गॅस काही पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. दर सीझनला नुसता गॅस भरून घेणं हा माझ्या मते दोन्ही पर्यायांपेक्षा वाईट प्रकार, पैसे रिपेअरचे जातात आणि मशीन काही रिपेअर होत नाही. नीट करायचं तर नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या फेसाने लीक शोधायचा, वेल्डिंग करून बंद करायचा, व्हॅक्यूम पंप लावायचा आणि मग मशीनवरच्या माहितीच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. लीक एखाद्या जॉइंटला असेल तर करून घ्या. पण कॉइलच गंजून दोन-तीन ठिकाणी गळत असेल तर आज एक भोक बुजवलं की पुढे दुसरं उघडतं, तिथे नवीनच घ्या.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर आधी वॉरंटी कार्ड शोधा, कारण कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकी मशीनपेक्षा बरीच लांब असू शकते. मात्र त्यात फक्त पार्ट येतो की गॅस आणि मजुरीपण येते हे विचारून घ्या. वॉरंटी नाही आणि मशीन ८-१० वर्षांचं, तर मी त्यात पैसे घालणार नाही, जळालेल्या कॉम्प्रेसरमुळे सर्किटमध्ये ॲसिड पसरतं, ते साफ न करता नवीन बसवला तर तोही जातो.

प्लेटवर गॅसचं नावपण वाचा. आर-२२ असेल तर नवीनकडे झुका. ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस बंद होत चाललाय, विकसित देशांत २०२० ला आणि विकसनशील देशांत २०३० पर्यंत, सर्व्हिसिंगपुरता थोडा सोडून. त्यात आर-३२ किंवा आर-४१०ए भरून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा, त्यांचं प्रेशर दीडपटीहून जास्त असतं, तेलही वेगळं लागतं, आणि आर-३२ थोडा ज्वलनशीलही आहे.

वीजबिल वाचेल म्हणून नवीन घ्या असं सगळे सांगतात, पण आकडा कोणी मांडत नाही. दीड टन म्हणजे साधारण ५.२ किलोवॅट कूलिंग. जुन्याची एफिशियन्सी, म्हणजे एक युनिट विजेत किती युनिट गारवा, २.७ धरली तर तो तासाला १.९ युनिट खातो, नवीन ३.३ चा असेल तर १.६. म्हणजे कॉम्प्रेसर वर्षाला ८०० तास चालला तर अडीचशे-तीनशे युनिट वाचतात, तुमच्या दराने गुणा. वर्षातून चार गरम आठवडेच एसी लागत असेल तर या बचतीतून नवीन मशीनची किंमत निघायची आशा सोडा, आणि रोज रात्रभर चालत असेल तर हाच मुद्दा जड होतो, इन्व्हर्टर एसी (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा) घेतलात तर आणखी. फक्त इन्व्हर्टरमध्ये तो वेग सांभाळणारा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, असतो, तो गेला की साध्या मशीनच्या कपॅसिटरइतक्या स्वस्तात सुटका नाही.

अडला निर्णय तर माझा ढोबळ नियम असा: रिपेअरचा खर्च नवीनच्या निम्म्यावर गेला तर नवीन, आणि मशीन आठ वर्षांपुढचं असेल तर रिपेअरचा खर्च एक तृतीयांशावर गेला तरी नवीनच.

नवीन ठरलंच तर ऑर्डर द्यायच्या आधी जुना बाहेर ओढून भोकाची उंची-रुंदी टेपने मोजा, आतून. नवीन मॉडेल त्याच टनाचं असलं तरी डबा मोठा निघू शकतो. आणि बाजूच्या जाळ्या कुठे येतात तेही बघा, त्यातून कंडेन्सर, म्हणजे मागची गरम कॉइल, हवा ओढतो, त्या भिंतीच्या जाडीत अडकल्या तर नवीन मशीनपण पहिल्याच उन्हाळ्यात ट्रिप व्हायला लागतं.