ओशिवऱ्याचं जुनं फर्निचर : सगळं घ्या, फक्त पॉलिश सोडून

बाजाराला पाचपैकी चार तारे. एक कापला तो पॉलिशपायी, आणि तो का कापला हे सांगायलाच एवढं लिहायला बसले आहे.

जोगेश्वरी पश्चिमेला एस. व्ही. रोडवरून रिलीफ रोडकडे वळलं की जुन्या फर्निचरची दुकानं आणि गोदामं सुरू होतात. आम्ही डोंबिवलीकर. दादरला गाडी बदलायची आणि स्लो लोकलने राम मंदिर स्टेशनला उतरायचं. २०१६च्या डिसेंबरात हे स्टेशन सुरू झालं ते बरं झालं, नाहीतर जोगेश्वरीला उतरून रिक्षावाल्यांशी हुज्जत ठरलेली. गेल्या वर्षी मार्च ते ऑगस्ट अशा माझ्या चार खेपा झाल्या. त्यातून घरी आलं ते असं : एक सागवानी लिहायचं टेबल, इराण्याच्या हॉटेलात असतात तसल्या चार खुर्च्या, आणि एक आरसा. आरसा यांना पाहताक्षणी आवडला नाही. तो बाल्कनीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे गुदमरायला होतं. पलंगावर कपाट, कपाटावर खुर्च्या, खुर्च्यांच्या पायांत अडकवलेली झुंबरं. वरून उलटे टांगलेले पाळणे. मधून एक माणूस आडवा चालेल एवढी वाट. सगळीकडे थिनरचा वास. फेब्रुवारी २०२५मध्ये इथे मोठी आग लागली होती, आणि आत शिरल्यावर ती एवढी का पसरली असेल हे वेगळं विचारावं लागत नाही. मी आता गोदामात शिरताना बाहेरची वाट आधी बघून ठेवते. पर्समध्ये टॉर्च, लोहचुंबक, मोजपट्टी आणि स्पिरिटची छोटी बाटली असते. दुकानदार पहिल्या दिवशी हसले. तिसऱ्या खेपेला त्यातलाच एक म्हणाला, ‘‘आंटी आ गयी, बाटली लेके.’’

हा माल येतो कुठून? बराचसा आपल्याच घरांतून. मुंबईतली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की दारं, खिडक्या, तुळया आणि मागे टाकलेली कपाटं असल्या बाजारांकडे वळतात. माझं माहेर ठाकुरद्वारच्या चाळीतलं. २००९ साली चाळ रिकामी झाली तेव्हा आमच्या दोन वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या भंगारवाल्याने रद्दीबरोबर नेल्या. दोन्हींचे मिळून दीडशे रुपये दिले, आणि आईला वाटलं आपणच त्याला फसवलं! ओशिवऱ्यात तसल्याच एका खुर्चीला मी २,८०० मोजले, तेही चार घेतल्या म्हणून. आईला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

खुर्च्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे खरे वसूल झाले ते त्यांच्यातच. या घाटाची खुर्ची मूळची व्हिएन्नाची. मिखाएल टोनेट नावाच्या कारागिराने १८५९ साली तिचा १४ नंबरचा नमुना काढला. बीचच्या लाकडाच्या गोल काठ्या वाफेवर मऊ करायच्या, लोखंडी साच्यात वाकवायच्या आणि तशाच सुकवायच्या. अख्ख्या खुर्चीला लाकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू आणि २ नट. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या बसायच्या, म्हणून ती जगभर गेली आणि आपल्याकडे इराण्यांच्या हॉटेलांत येऊन बसली. सीटच्या कडेला आतून हात फिरवा, कधी कागदाची चिठ्ठी किंवा शिक्का सापडतो. माझ्या दोन खुर्च्यांवर चेकोस्लोव्हाकिया वाचता येतं. तो देश १९१८ साली जन्मला आणि १९९२च्या शेवटी संपला, तेव्हा ‘‘मॅडम, डेढ सौ साल पुराना’’ या वाक्याचा निकाल तिथेच लागला. तिसऱ्या खुर्चीवर काहीच नाही. चौथीचा मागचा एक पाय नव्या लाकडाचा आहे, रंग लावून जुळवलेला. हे घरी आल्यावर कळलं. चूक माझी, तिथल्या अंधारात टॉर्च फक्त सीटवर मारला.

घेताना पाठीची कमान आधी बघा. तिला भेग असेल तर खुर्ची सोडून द्या, कारण वाकवलेली कमान नवी करून देणारा सुतार मला तरी डोंबिवलीत भेटलेला नाही. स्क्रू ढिले असतील तर काही बिघडत नाही, आवळले की झालं. दुसरं म्हणजे बीच म्हणजे सागवान नव्हे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, बीच मात्र किडा आवडीने खातो. बारीक भोकं दिसली तर खुर्ची फरशीवर दोनदा आपटा. पिठासारखा ताजा भुगा पडला तर आत कोणीतरी राहतंय.

वेताच्या सीट चारही फाटल्या होत्या. तयार जाळीचा तुकडा खाचेत ठोकून देणारे बरेच आहेत. पण या खुर्च्यांच्या कडेला भोकं होती, म्हणजे त्या हाताने विणायच्या. पूर्वी सरकारी कचेऱ्यांत हे काम अंध कारागीर करत, कारण त्यात नजरेपेक्षा बोटांचा ताण महत्त्वाचा. आमच्या ओळखीतल्या विणणाऱ्याने वेत भिजवून उभे, आडवे, पुन्हा उभे, मग तिरके असे पदर घातले आणि आठ कोनांची ती ओळखीची जाळी उमटली. एका सीटला साधारण दीड दिवस आणि ९०० रुपये. आठवडाभर आम्ही पाहुण्यांना त्यावर बसूच दिलं नाही.

आता टेबल. चार फूट बाय दोन, तीन खण, वर इंचभर जाडीच्या दोन सागवानी फळ्या. सांगितले २२,००० आणि ठरले १५,५००, पॉलिशसकट. मी म्हटलं, पॉलिश नको, तसंच द्या. तर म्हणे १,५०० कमी. तिथेच मला कळायला हवं होतं की जे पॉलिश दुकानदाराच्या हिशेबात दीड हजाराचं आहे ते दीड हजाराचंच असणार. पण महिना जूनचा, आयतं चकचकीत टेबल घरात येण्याचा मोह, आणि ‘‘आता कुठे माणसं शोधत बसतेस’’ हा घरचा आहेर.

टेबल अस्सल आहे यात वाद नाही. खण पूर्ण बाहेर काढून कोपरे पाहिले. डोव्हटेलचे, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या सांध्याचे, दात हाताने कापलेले, म्हणून एकसारखे नाहीत. यंत्राचे असते तर सगळे जुळे दिसले असते. पाय आणि पट्टीचा सांधा खाच-कुसूचा, खिळा नाही. मुठींचे स्क्रू एका चिरेचे. अधिक चिन्हाचा स्क्रू अमेरिकेतच १९३०च्या दशकात आला, तेव्हा जुन्या सामानात तो दिसला तर निदान मागून दुरुस्ती झाली आहे एवढं समजावं. मधल्या खणाचा तळ प्लायवूडचा निघाला. तो दाखवून मी पाचशे रुपये आणखी सोडवले आणि त्या पाचशेवर टेम्पोत बसून अभिमान बाळगला.

दहाव्या दिवशी टेबलावर पांढुरकी साय धरली. ओल्या हवेत फवारलं की असं होतं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थराखाली अडकते. शिवाय दुकानवाल्यांनी जुनं मेण न काढताच वरून मेलामाइन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर देणारं पॉलिश, मारलेलं, त्यामुळे नखाने पापुद्रा सुटत होता. फोन केला. ‘‘बारिश में होता है, आंटी.’’ बरोबर आहे, होतं. मग पावसात मारलं कशाला? दुकानाचं नाव लिहीत नाही. चार दुकानं फिरल्यावर दिसलं की पत्रे लावलेल्या मागच्या जागेत हेच चालतं, एकट्याला दोष देऊन काय करू?

शेवटी भावाच्या शेजारचे पॉलिशवाले काका आठवले. मूळ मालवणचे, वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी टेबलावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘वहिनी, आता हात लावणार नाही. गणपती होऊ द्या.’’ गणपती झाले, नवरात्र झालं. दसऱ्यानंतर आले आणि पाच दिवस बसले. आधी काचेच्या तुकड्याच्या धारेने सगळं मेलामाइन खरवडलं. मग काचकागद ८०, १२०, २२० असा चढत्या नंबरचा, नेहमी रेषेच्या दिशेने. भेगांत खडूची पावडर आणि गेरू कालवून लांबी (पुट्टी) भरली. आदल्या रात्री स्पिरिटमध्ये चपडा लाख भिजत घातलेली असायची. मलमलीत कापसाचा बोळा बांधून, आठाचा आकडा काढत, थरावर थर. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्याने केलेला राळेसारखा पदार्थ. ग्रामोफोनच्या जुन्या ७८च्या तबकड्याही याच लाखेच्या, हे काकांनीच सांगितलं. चौथ्या दिवशी उन्हाची तिरीप आली तेव्हा फळीतली आग दिसली. मेलामाइनखाली तीच फळी तपकिरी प्लास्टिकसारखी दिसत होती.

मजुरी साडेपाच हजार, सामान वेगळं. म्हणजे दुकानाचे दीड हजार पाण्यातच गेले.

लाखेचीही बाजू फार भक्कम नाही, हे सांगायला हवं. गरम कप ठेवलात की पांढरं वर्तुळ. स्पिरिट सांडलं तर पॉलिश विरघळलंच. जेवायचं टेबल असतं तर मी स्वतः मेलामाइनच निवडलं असतं, पण कोरड्या दिवसांत आणि नीट खरवडून मारलेलं. पर्समधली ती बाटली याचसाठी : न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा टेकवायचा, चिकट झालं तर लाख, काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा त्याच्या जातीचं काहीतरी. ‘‘ओरिजनल पॉलिश है’’ याची शहानिशा अर्ध्या मिनिटात होते.

‘अँटिक’ या शब्दाबद्दलही थोडं. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. माझ्यासमोर एका गोऱ्या गिऱ्हाइकाला दाखवलेलं कपाट ‘फिफ्टी, सिक्स्टी इयर्स’ होतं. मी विचारलं तेव्हा तेच पणजोबांच्या काळातलं झालं.

टेबलाच्या खणांच्या मुठींसाठी चोर बाजारात, मटन स्ट्रीटला गेले. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात, एवढं लक्षात ठेवा. लोहचुंबक इथे कामी येतं. पितळ म्हणून दाखवलेल्या सहांपैकी चार मुठी त्याला झोंबल्या, म्हणजे आतून लोखंड. दोन खऱ्या घेतल्या, १८०ला एक. घरी चिंच आणि पीतांबरीने घासून लखलखीत केल्या आणि लगेच पस्तावले, जुन्या टेबलावर नव्या नवरीच्या बांगड्यांसारख्या दिसत होत्या. आता परत काळवंडायची वाट बघते आहे.

तर जा, पण मंगळवार-बुधवारी सकाळी जा, रविवारी भाव उतरत नाही. टेम्पोचे आणि जिन्याच्या हमालीचे पैसे आधी ठरवा. माझे तिसऱ्या मजल्यापर्यंत २,६०० गेले. माल कच्चा, बिनपॉलिशचा घ्या. पावसाळ्यात घेतलात तर तसाच ठेवा. खण अडकायला लागले तर पट्टीवर मेणबत्ती घासा. माझा डावीकडचा जुलैत अजूनही रुसतो.

आणि आरसा कोणाला हवा असेल तर सांगा. चौकट शिसवी आहे, काच एका कोपऱ्यात काळवंडली आहे. फुकट, पण स्वतः येऊन न्यायचा.