रेट्रोआर्च, जुना लॅपटॉप आणि अडखळणारा मारिओ: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुने गेम खेळताना चित्र अडखळतंय म्हणून नवीन मशीन घ्यायच्या विचारात असाल तर आधी सेटिंग बघा. माझा लॅपटॉप जुना, ग्राफिक्स इंटेलचं, प्रोसेसरमधलंच. पावसाळ्यापासून त्यावर रेट्रोआर्च हा इम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम यंत्रांची नक्कल करून त्यांचे गेम चालवणारा प्रोग्रॅम, वापरतोय, एचडीएमआयने टीव्हीला जोडून. एनईएस (निन्टेन्डोचं जुनं गेम यंत्र), सुपर निन्टेन्डो आणि पहिलं प्लेस्टेशन, एवढंच खेळतो. आता सगळं सुरळीत चालतं, आणि खर्च शून्य.

पहिली गोम टीव्हीत होती. टीव्ही फोर-के, लॅपटॉपचं एचडीएमआय १.४. या जोडणीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. मारिओ सेकंदाला ६० फ्रेमचा (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र), म्हणजे निम्म्या फ्रेम वाटेतच गळायच्या. विंडोजमध्ये १०८०पी आणि ६० हर्ट्झ केलं, टीव्हीवर गेम मोड लावला, आणि अर्धं दुखणं तिथेच गेलं. इम्युलेटर बिचारा उगाच शिव्या खात होता.

उरलेलं अर्धं जास्त मजेशीर आहे. एनईएस सेकंदाला नेमक्या ६० नाही, ६०.०९८८ फ्रेम काढतो. पडदा ६०चा. फरक क्षुल्लक वाटतो, पण दर दहा सेकंदांना एक फ्रेम जास्तीची होते, ती टाकली की सरकत्या पार्श्वभूमीला बारीक हिसका बसतो. रेट्रोआर्च गेमच पडद्याच्या वेगाने चालवतं आणि आवाज किंचित ताणून किंवा आवळून जुळवून घेतं. कानाला पत्ता लागत नाही. मात्र त्यासाठी व्ही-सिंक (गेमचं चित्र पडद्याच्या तालावर दाखवणं) चालू हवं आणि पडद्याचा खरा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) बरोबर भरलेला हवा. कित्येक पडदे ६० म्हणवतात आणि ५९.९४वर चालतात. व्हिडिओच्या मेनूत मोजलेला रेट दिसतो, तो आकडा जरा स्थिरावू द्या, मगच पक्का करा.

‘थ्रेडेड व्हिडिओ’ (चित्र दाखवायचं काम गेमपासून वेगळं चालवणं) चालू करा, असं जो तो सांगतो. फ्रेमचा आकडा वाढतो खरा, पण हालचाल खडबडीत होते आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते. अगदीच कमकुवत फोन असेल तर ठीक. मी बंद ठेवलंय.

शेडर म्हणजे चित्राला जुन्या टीव्हीसारखं रूप देणारे फिल्टर; त्यांच्या बाबतीत हौसेला मोल असतं. सीआरटी-रॉयल दिसतो देखणा, पण माझ्या इंटेलला झेपत नाही. सीआरटी-पाय हा मुळात रास्पबेरी पायसाठी लिहिलेला, त्यामुळे हलका. ९९९९-इन-वन कॅसेट घालून जुन्या डबा टीव्हीवर कॉन्ट्रा खेळलेल्या माणसाला सीआरटी-पायच्या स्कॅनलाइन (जुन्या टीव्हीवर दिसायच्या तशा आडव्या रेषा) पुरे आहेत. इंटिजर स्केलही (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणं) लावा: एनईएसच्या २४० ओळी १०८०मध्ये साडेचार पट बसतात, म्हणून काही ओळी जाड, काही बारीक होतात आणि स्क्रोल करताना चित्र लवलवतं. चार पटीला वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. येऊ द्या.

रन-अहेड, म्हणजे पुढच्या फ्रेम आधीच काढून बटण दाबल्यावरचा उशीर कमी करणं, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. गेम पॉज करा, उडीचं बटण दाबून धरा आणि कीबोर्डवरचं के दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. मारिओ हलायच्या आधी जितक्या फ्रेम वाया जातात तितकाच आकडा ठेवायचा, बहुतेक एक किंवा दोन. जास्त ठेवला तर पात्रं उड्या मारत पुढे सरकल्यासारखी दिसतात. प्रत्येक फ्रेमला जास्तीचं काम पडतं, त्यामुळे एनईएसला हे सहज जमतं, प्लेस्टेशनला माझ्याकडे नाही.

गर्दी झाली की शत्रू लुकलुकतात, तो मात्र इम्युलेटरचा दोष नाही. मूळ एनईएसच एका ओळीत आठपेक्षा जास्त स्प्राइट (पात्रं बनवणारी छोटी हलती चित्रं) दाखवू शकत नव्हतं. मेसेन या कोअरमध्ये (कोअर म्हणजे रेट्रोआर्चमधला एकेका यंत्राची नक्कल करणारा भाग) ही मर्यादा काढता येते.

तक्रार एकच, मेनू म्हणजे भुलभुलैया आहे. शिवाय प्लेस्टेशनसाठी केलेला बदल एनईएसलाही लागतो. त्यावर इलाज म्हणजे प्रत्येक कोअरचा वेगळा ओव्हरराइड (फक्त त्या कोअरला लागू होणारी सेटिंग) सेव्ह करणं. तो क्विक मेनूत, ओव्हरराइड्सच्या खाली सापडेल.