‘चारशे दहा’च्या नादात गेलेले ५५ हजार

आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून बारा बोरची बंदूक आहे. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर रीतसर अर्ज करून परवाना माझ्या नावावर करून घेतला. शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. हरभऱ्यात रात्री डुकरं शिरली की एक बार हवेत काढायचा, एवढंच तिचं काम. पण उजवा खांदा निखळला तेव्हापासून बारा बोरचा धक्का सोसेना. हलकी, लहान बोरची बंदूक मिळाली तर बरं, असं एका लग्नाच्या पंगतीत बोललो. तिथवर ठीक होतं. पण भरीत आणि कळण्याच्या भाकरीने जीभ सैल झालेली, म्हणून पुढचंही बोलून गेलो: “आजोबा तितर मारायचे, तशी एखादी.”

आठच दिवसांत एका माणसाचा फोन आला. माझ्याच नात्यातल्या एकाचं नाव घेऊन बोलत होता. धुळ्याजवळच्या एका वाडीवर त्याने बंदूक दाखवली. निळ्या फुलांच्या गोधडीवर ठेवलेली, दस्त्याला ताजं पॉलिश, रायफलीसारखा बोल्ट. “इंग्लिश ४१० आहे. बारापेक्षा चारशे दहाची ताकद किती, तुम्हीच बघा.”

इथंच मी उठायला हवं होतं. बोरचा आकडा वाढला की नळी बारीक होते, हे आजोबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोर; अठ्ठावीस केल्या तर अठ्ठावीस बोर. ४१० हा तर बोरच नव्हे, इंचाच्या हजाराव्या भागातलं नळीच्या तोंडाचं माप आहे. म्हणजे साधारण साडेदहा मिलिमीटर. हे माहीत असूनही मी मान डोलावली. हातात घेतल्यावर बंदूक खरंच हलकी वाटली, आणि खांदा दुखणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

सौदा ठरला १ लाख १० हजारांना. ४० हजार रोख दिले. कागद कुठे विचारलं तर म्हणाला, “कागद मागून व्हतीन. काही व्हत नही भाऊ, मी शे ना.” पुढच्या आठवड्यात त्याने दुसरा गळ टाकला. वनखात्यात ओळख आहे, ससा, तितर, लावा यांच्या ‘लहान शिकारी’चा परवाना १५ हजारांत काढून देतो. ते पैसे मी फोनवरून पाठवले, तेही कुणा तिसऱ्याच्याच खात्यावर. चार दिवसांनी गोल शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो आला.

असा परवाना आता कुणालाच मिळत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते, १९९१च्या दुरुस्तीने ते बंद झाले. आजोबांच्या गोष्टी खऱ्या होत्या, पण त्या काळातल्या. पिकं नासवणाऱ्या डुकरांसाठी वनखात्याची परवानगी ही वेगळी बाब आहे, आणि ती सशा-तितरांना लागू नाही. मला हे अर्धवट ठाऊक होतं. पण विचारलं तर ‘नाही’ ऐकावं लागेल, म्हणून कुणाला विचारलं नाही.

शहाणपण आलं ते कलेक्टर कचेरीत. दुसरी बंदूक परवान्यावर चढवायला गेलो. २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन ठेवता येतात, म्हणून मी निर्धास्त होतो. लिपिकाने एवढंच विचारलं, विकणाऱ्याचा परवाना क्रमांक काय आणि त्याने विक्रीची लेखी सूचना कधी दिली? खासगी विक्रीत विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह कळवावं लागतं, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. माझ्याकडे सांगायला त्याचा फोन नंबर होता, बस्स. बंदूक अजून ताब्यात घेतली नव्हती, हे नशीब. घेतली असती तर पैसे गेल्याचं दुःख करायला मी मोकळा राहिलो नसतो.

गावातल्या एका निवृत्त हवालदार आप्पांना बंदुकीचा फोटो दाखवला. चष्मा वर सरकवून हसायलाच लागले. “हाई तं आमनी मस्केट शे रे भाऊ!” थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या घडणीची, पण आतून गुळगुळीत नळीची पोलिसांची ४१० मस्केट. तिचं काडतूस वेगळं, थ्री-नॉट-थ्रीच्या कवचावर बेतलेलं. दुकानातलं साधं ४१० काडतूस तिच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, शिरतच नाही. कुणी ते घर कोरून मोठं करतात, पण ते कुणी आणि कसं केलंय हे फोटोत थोडंच दिसतं. मग आप्पांनी नळीवर बोट ठेवलं. “ही कापलेली दिसते. वीस इंच तरी भरेल का?” परवानगीशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

तक्रार द्यायला मी तीन आठवडे लावले. पैशांपेक्षा लाज मोठी होती. त्या माणसाने गिऱ्हाईक बरोबर हेरलं होतं. ज्याला तितर मारायचा आहे तो ठाण्यात कोणत्या तोंडाने जाणार? फोनवरून गेलेल्या पैशांसाठी १९३० या नंबरवर लगेच कळवायचं असतं. मी कळवलं तोवर ते खातं रिकामं झालं होतं. ठाण्यात अर्ज लिहून घेणाऱ्याने विचारलं, “शिकारीच्या परवान्यासाठी पैसे दिले, असंच लिहू?” मी म्हटलं, लिहा. फसवणुकीचं कलम चारसोबीस आता नव्या भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, ही माहिती त्यानेच दिली.

गेल्या महिन्यात साक्रीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने फोटो पाठवून विचारलं, ही ४१० घेऊ का, १ लाख ३० हजार सांगतोय. दस्त्याचं पॉलिश वेगळं होतं. गोधडी तीच, निळ्या फुलांची. मी त्याला म्हटलं, आधी विकणाऱ्याच्या परवान्याचा फोटो माग आणि बंदुकीवरचा नंबर त्यावर आहे का बघ. त्याने मागितला. त्या दिवसापासून त्याचाही फोन तो माणूस उचलत नाही.