डोंबिवलीतलं घरगुती पाळणाघर: दीड ते नऊ वर्षांची मुलं एकाच सतरंजीवर

आमची मोठी सात वर्षांची, धाकटा पावणेदोन वर्षांचा. दोघांना एकाच जागी ठेवता येईल असं पाळणाघर आम्ही शोधत होतो आणि डोंबिवली पूर्वेला एका निवृत्त बालवाडीशिक्षिकेच्या घरी ते मिळालं. नाव-पत्ता देत नाही. काकूंनी दाराला पाटीसुद्धा लावलेली नाही, बाराच्या वर मुलं त्या घेत नाहीत आणि यादी कायम भरलेली असते. पण कुणी पाळणाघर बघायला निघालं असेल तर नेमकं काय बघावं, यासाठी सविस्तर लिहितोय.

माझी कामाची पाळी सकाळची, त्यामुळे साडेचारच्या सुमारास मी तिथे पोचतो. काकू पालकांना दाराशीच पिशवी देऊन वाटेला लावत नाहीत. "बसा थोडा वेळ, खेळ अर्धवट मोडू नका," असं सांगतात. म्हणून मला हे सगळं बघायला मिळालं.

त्या वेळी बहुतेक भाजीचं दुकान लागलेलं असतं. स्वयंपाकघरातले खरे कांदे, बटाटे, दोन वांगी, एक दुधी. तराजू म्हणजे हँगरला टांगलेली दोन प्लॅस्टिकची ताटं. आमच्या धाकट्याचं काम एकच: टोपलीतला बटाटा उचलायचा, पिशवीत टाकायचा, पिशवी उपडी करायची, पुन्हा भरायची. पाऊण तास तो हेच करतो आणि त्याला कुणी थांबवत नाही. तीन-चार वर्षांची दोघं गिऱ्हाईकं. त्यांनी भाजीचं नाव सांगून मागायचं, नुसतं बोट दाखवलं तर दुकानदार ऐकत नाही. पाच वर्षांचा एक मुलगा वजन करतो. दुधी एकीकडे आणि किती बटाटे टाकले की ताटं सारखी होतात, हे तो जीव ओतून बघत असतो. आमची मोठी गल्ल्यावर. दरांची पाटी ती लिहिते, कागदी नोटा मोजते. परवा पावकिलोचा हिशेब अडला, तेव्हा तिने काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "किलोचे चाळीस, मग अर्ध्याचे किती? आता त्याचंही अर्धं कर." बस, एवढंच. उत्तर तिने स्वतः काढलं, दहा रुपये घेतले आणि वर मला विचारलं, "काका, पिशवी आणलीये का?" मी तिचा बाबा आहे हे दुकानात चालत नाही.

वेगवेगळ्या वयाच्या मुलांना शिकवायचं म्हणजे वयानुसार वेगळ्या खोल्या आणि वेगळी टाइमटेबलं लागतात, असं मला वाटायचं. इथे खेळ एकच असतो आणि ज्याला जेवढं झेपतं तेवढं तो त्यातून उचलतो. काकू सांगतात की दोन वर्षांचं मूल दुसऱ्याच्या शेजारी बसून खेळतं, दुसऱ्याबरोबर नाही. म्हणून त्याला डाव शिकवायला जायचं नाही, फक्त जवळ जागा द्यायची. ही दृष्टी त्यांना प्रशिक्षणात मिळाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, हे त्या फार अभिमानाने सांगतात. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही 3 ते 8 हा एकच पायाभूत टप्पा धरून खेळातून शिक्षणावर भर दिलाय. तरी याआधी आम्ही जिथे मोठीला ठेवत होतो तिथे अडीच वर्षांच्या मुलांकडून ठिपके जोडून अक्षरं गिरवून घ्यायचे आणि संध्याकाळी वहीचा फोटो पाठवायचे. मला त्याचा आजही राग येतो. त्या वयात बोटांना पीठ मळायला, डब्यांची झाकणं उघडायला द्यायला हवं. पेन्सिल नंतर आपोआप धरता येते.

सुरक्षेची व्यवस्था मला मनापासून आवडली. टिश्यूच्या रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी दाराजवळ टांगलेली आहे. जी वस्तू त्यातून आरपार जाते ती सतरंजीवर येत नाही. चिंचोके, मणी, सागरगोटे, सोंगट्या हे सगळं वर टेबलावर, आणि टेबल पाच वर्षांच्या पुढच्यांसाठी. उठताना मोजून डब्यात. मोठ्यांचे लाकडी ठोकळे दिवाणावर, म्हणजे रांगणारं पिल्लू येऊन किल्ला पाडत नाही.

मला एक काळजी होती, ती काकूंना स्पष्ट विचारली: मोठ्या मुली इथे धाकट्यांच्या आया होऊन बसतात का? आमच्याकडे मोठ्या बहिणीवर हे फार सहज ढकललं जातं. काकूंचं उत्तर: "अहो, धाकट्याचं नाक पुसायला मी आहे आणि मदतीला ताई आहे. टेबलाची वेळ तिची एकटीची." त्या वेळेत ती काचापाणी खेळते नाहीतर वाचते, धाकटा रडला तरी तिला हाक जात नाही. हे मी स्वतः बघितलंय.

उणिवा आहेत. पावसाळ्यात मुलांना पळायला जागाच नाही. हॉल आणि गॅलरी, बस. कोरड्या दिवसांत सोसायटीच्या आवारात लगोरी होते, पण जून ते सप्टेंबर आमची मोठी घरी येऊन गाद्यांवर उड्या मारते. नऊ वर्षांच्या मुलाला सोबतीला त्याच्या वयाचं कुणी नाही. तो कंटाळतो, हे दिसतं. आणि साडेसहानंतर, लोकल लेट होऊन पालक रखडले की टीव्ही लागतो. काकूंची तेव्हा स्वयंपाकाची वेळ असते, त्यामुळे दोष त्यांना देणार नाही, पण लागतो.

पूर्ण दिवसाचे महिना 6,500, शाळा सुटल्यानंतरचे 3,500, दोन भावंडं असली तर थोडी सूट. डबा आपला, दुपारचा वरणभात त्यांचा. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात, रविवारी बंद. वाट बघायची तयारी असेल तर थांबावं असं ठिकाण आहे. दुसरं कुठलं बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं बघू नका. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं मूल त्या क्षणी काय करतंय, ते बघा.