माझ्याच गणाचं भाडं दुसऱ्याच्या खिशात

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात मी बावीस वर्षं शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे कोकणातल्या दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या, बाऱ्या (कार्यक्रम) करतोय. गण, गवळण स्वतः लिहितो. 2014 च्या गणपतीत पहाटे बारी संपली आणि एक सीडीवाला पुढे आला. "शाहीर, तुमचा आवाज चाकरमान्यांच्या घराघरांत जाईल." 7,000 रुपये हातावर ठेवले, कागद ढोलकीच्या पुडीवर ठेवून सही घेतली. हात घामेजलेले, शाई पसरली. कागद इंग्रजीत होता. मी वाचून घेतला नाही.

सीडी निघाली आणि आठवड्याभरात एसटी स्टँडवर नकली प्रती 20 रुपयांना विकायला लागल्या. "पायरसीने मी बुडालो," म्हणत त्याने ढोलकीवाल्याचे आणि झांजवाल्याचे ठरलेले पैसे बुडवले. नकलेमुळे त्याचं नुकसान झालं हे खरं, पण त्याचा भार त्या दोघा गरिबांवर का?

खरा फटका पुढे बसला. पुतण्याने यूट्यूबवर चॅनल काढलं. जाहिरातीचे पैसे मिळायला लागणारे 1,000 सदस्य आणि लोकांनी पाहिलेले 4,000 तास पुरे करायला पोराला दीड वर्ष लागलं. पैसे सुरू झाले आणि तोच गण टाकल्यावर दोन दिवसांत कॉपीराइटचा दावा आला. पैसे एका कंपनीकडे वळले. सीडीवाल्याने आमच्यासारख्या कितीतरी मंडळांचे कागद तिला एकगठ्ठा विकले होते. तिथल्या कुणी कधी आमची बारी ऐकलेली नाही, पण माझ्या शब्दांचं भाडं दर महिन्याला तिला जातं.

रत्नागिरीच्या वकिलांनी कागद वाचला: 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत'. तेच म्हणाले, 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आहे. ध्वनिमुद्रणात घेतलेल्या गीताच्या रॉयल्टीतला लेखकाचा समान वाटा त्याला कंपनीला लिहूनच देता येत नाही. कागदात मुदत नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या कागदात दोन्ही लिहून घेतलेलं होतं, म्हणून रॉयल्टीचाच मुद्दा हातात राहिला.

मंडळींनो, कागद घरी आणा, मराठीत वाचून घ्या, मुदत लिहायला लावा, प्रत ठेवा. यूट्यूबवर दावा आलाच तर तिथेच 5 दिवसांत हरकत नोंदवा, म्हणजे निकाल लागेपर्यंत पैसे अडकून राहतात. उत्तर द्यायला समोरच्याला 30 दिवस असतात. आम्हाला हे कळलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते, तोवरचे पैसे गेले.

रॉयल्टीसाठी नोटीस पाठवली आहे. ढोलकीवाल्याचं नाव मी तिच्यात आवर्जून घातलं. उत्तर अजून आलेलं नाही.